चाकसीचा महिना

"मार्च आणि एप्रिल, नदीतली सगळी जाळी बंद. खाली सही करा," देसाईसाहेबांनी फाईल पुढे सरकवली.

मी सही केली नाही.

साठचं दशक संपत आलं होतं. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन रत्नागिरीहून आलेली मी सुरतेच्या मत्स्य कार्यालयात नुकतीच लागले होते. प्रश्न होता चाकसीचा. चाकसी म्हणजे आपला पाला, बंगाल्यांचा हिलसा. हा मासा वाढतो समुद्रात, पण अंडी घालायला नदीच्या गोड्या पाण्यात चढतो. तेवढ्या काळात त्याला पकडू नये म्हणून बंदी. महिने मात्र कुणीतरी दुसऱ्याच नदीच्या अहवालातून उचलले होते.

"साहेब, तापीत ती वेगळ्या महिन्यात चढत असली तर? नदीवरचे मासेमार, हे माछी लोक, दोन महिने उपाशी राहतील आणि मासाही वाचायचा नाही."

"पुरावा आणा, सुमनबेन. दिवाळीपर्यंत फाईल थांबवतो."

मी थेट मासळी बाजार गाठला. तिथे दहीबेन मासे कापायच्या, त्यांचा नवरा तापीत होडी चालवायचा. महिने ऐकून त्या हसल्याच.

"चैतरमां तो ए दरियामां होय, बेन! पूर आवे, पछी आवे."

पूर आल्यावरच ती नदीत येते, हे ताडून बघायला चार-पाच महिने रोज सकाळी मी त्यांच्या पाटाशेजारी बसून चाकसीची पोटं बघितली. चैत्रात मासे तुरळक, गाबोळी, म्हणजे पोटातली अंड्यांची पिशवी, दोऱ्यासारखी बारीक. आषाढात ती भरली. श्रावणात पोटावर नुसता अंगठा फिरवला की अंडी बाहेर यायची. अशा मादीला आम्ही 'रनिंग' म्हणतो. मी या नोंदींचा तक्ता घेऊन साहेबांकडे गेले.

"पोटात अंडी आहेत, कबूल. ती तापीतच घालते कशावरून? इथून परत समुद्रात जाऊन नर्मदेत चढत असेल."

राग आला, पण मुद्दा बरोबर होता. आता नदीच्या पाण्यातच अंडी शोधायला हवी होती.

त्यासाठी शंकूसारखी कापडी जाळी लागते. निमुळत्या टोकाला बाटली बांधून ती होडीमागे प्रवाहात सोडायची. मी मलमलची शिवून घेतली. तापीच्या गाळाने ती दहा मिनिटांत तुंबली आणि फाटली. आमचे शेजारी सुपडूभाऊ लिंबायतला कापडाच्या लूमवर होते, खानदेशातले. त्यांनी जॉर्जेटचा एक डागी तुकडा आणला आणि उजेडात धरून दाखवला.

"ताई, यामातून गाळ जाई. दाना नही जावाव."

गाळ निघून जाईल आणि अंडी अडकतील अशी नवी जाळी मी त्या कापडाची शिवली.

पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी दहीबेनच्या नवऱ्याने मला कामरेजच्या बाजूला नेलं. दोन खेपांत नुसता पाचोळा आला. तिसऱ्या खेपेला बाटलीत मोहरीएवढे काचेसारखे मणी तरंगत होते.

पण ती अंडी चाकसीचीच कशावरून? होडीतच त्या दिवशी पकडलेली एक रनिंग मादी आणि एक नर होता. तिची अंडी ताटलीत काढली, नराचं वीर्य मिसळलं आणि दोन्ही नमुने ऑफिसात मायक्रोस्कोपखाली शेजारी ठेवले. तोच आकार, आत तेच तेलाचे थेंब. चाकसीचं अंडं साधारण एका दिवसात फुटतं. नदीतली अंडी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर फुटली. म्हणजे ती आदल्या दिवशीच, जवळपासच घातलेली होती. तापीत!

साहेब मायक्रोस्कोपवर वाकले.

"आ तो पूंछडी हलावे छे!" ते ओरडले. मग हेडक्लार्कपासून शिपायापर्यंत सगळ्यांना रांगेने ती शेपटी दाखवली. जणू बारसंच होतं.

मार्च-एप्रिल त्यांनी स्वतः खोडलं आणि वर पावसाळ्याचे दोन महिने लिहिले. या वेळी मी सही केली, अगदी झोकात. फाईल वरून मंजूर होऊन आली. पुढच्या चैत्रात तापीत होड्या होत्या आणि श्रावणात नदी चाकसीला मोकळी.

पुढे मी स्वतः साहेब झाले. नव्या इन्स्पेक्टरला पहिला महिना मी ग्रंथालयात नाही, मासळी बाजारात बसवायचे. दोघांनी वासाची तक्रार केली. त्यांना मी टपालाच्या आवक-जावक टेबलावर बसवलं. तिथे त्यांचं काम उत्तम होतं.