पाच पायांचा बैल

आमच्या शेजारचे पुंडलिकराव सौसरात संत्र्यावाले म्हणूनच ओळखले जात. मग बागायतदारांसोबत ते दक्षिण आफ्रिकेत संत्र्याची छाटणी शिकायला गेले आणि चोच असलेलं मातीचं मडकं घेऊन परत आले. तिकडच्या कलावंतांशी त्यांचं असं काही जमलं, की पार्सलं येतच राहिली. पत्र्याचे मुखवटे आले, पोटात दार असलेली भाजल्या मातीची बाई आली. संत्री निवडायच्या शेडमध्ये त्यांनी सगळं हौसेनं मांडलं, बाहेर पाटी लावली. आम्ही बाया एकदा गेलो. मडक्यात पाणी गार होतं का, एवढं विचारलं. पाणी तळातून निघून जाते म्हणाले. आम्हीही निघालो.

शेवटी त्यांच्या बायकोनं, अंबाबाईंनी, मुदत दिली. तान्ह्या पोळ्यापर्यंत एका तरी माणसानं हे सामान नीट पाहिलं तर ठीक, नाहीतर आंबिया बहाराची संत्री तोडणीला यायच्या आधी शेड रिकामी.

तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी बैल सजवून मैदानात आणतात. त्या रांगेत आजोबा झालेले पुंडलिकराव झिम्बाब्वेच्या एका कलावंतानं पाठवलेला चाकांवरचा बैल ओढत उभे राहिले. त्यांच्या वयाला कोणी हरकत घेतली नाही. वाद पायांवरून झाला, कारण ते पाच होते. परीक्षक सुखदेव गुरुजींनी दोन्ही बाजूंनी मोजले. एक कापून आणा, दुसरा नंबर देऊ, असंही कोणी सुचवलं. बैल चालून राहिला, पाचवा म्हणजे उचललेलं पाऊल, असं पुंडलिकराव समजावत होते. गुरुजी म्हणाले, चालवून दाखवा. बैल सरकला, पाय एकही हलला नाही. बाद.

घरी अंबाबाई शेडची किल्ली घेऊन दारातच होत्या. पण दारी आलेल्या बैलाचे पाय धुतल्याशिवाय बोलणार कसं? किल्ली कमरेला खोचून त्यांनी तांब्या आणला. चार पाय धुतले आणि थांबल्या. पाचव्याचं काय करायचं, हे त्यांना सासूनंही शिकवलं नव्हतं. त्या खाली बसल्या, एकेक पाय निरखला, मग उठून मागूनही पाहून आल्या.

"अजी, यातला चालून राहिला तो कोणता?"

पुंडलिकराव बैलाजवळ वाकले. त्यांनी बोट दाखवलं. अंबाबाईंनी त्या पायावर पाणी घातलं, बैलाला कुंकू लावलं, पुरणपोळी पुढे केली. तोंड कलावंतानं केलंच नव्हतं.

"घ्या आत," त्या म्हणाल्या. "संत्री ओसरीत राहतील."

पोळी पुंडलिकरावांनी खाल्ली.