मुसळीचं डोकं

वरसेतल्या मेडिकलमध्ये परवा सफेद मुसळीची बाटली दिसली. तिच्यावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, ‘अस्सल जंगली’. माझ्या मस्तकात तिडीक गेली आणि डोळ्यांपुढे आली आत्याची टाच.

दसरा झाला, पानं पिवळी पडली, की आत्या आणि मी रोह्यामागच्या डोंगरावर मुसळी खणायला जायचो. मुळं तेवढी काढायची आणि वरचं डोकं परत त्याच खड्ड्यात रोवायचं, ही आत्याची रीत. पावसाळ्यात त्यालाच फोडशीची भाजी फुटायची आणि खाली नवी मुळं धरायची.

त्या वर्षी आमची मुळं विकत घेणारा पेणचा व्यापारी स्वतःच डोंगरावर आला. शेतात लावायला त्याला डोकीही हवी होती.

“ती नाय मिळायची. ती डोंगराची हायत,” आत्या म्हणाली.

तो हसला. आत्या रोवत पुढे चालली, तो मागून एकेक डोकं दोन बोटांनी उपटून पिशवीत टाकत आला.

आत्यानं वळून पाहिलं. पुढचं डोकं तिनं खड्ड्यात ठेवलं आणि टाचेनं रगडलं, पार लगदा होईपर्यंत.

“घे आता!”

संध्याकाळपर्यंत तिनं एकही सोडलं नाही. मला वाटलं, आत्या जिंकली.

व्यापाऱ्याला डोकी दुसऱ्या गावात मिळाली. आमच्या डोंगराच्या त्या उतारावर फोडशी पुन्हा उगवली नाही. आत्या मात्र दर पावसाळ्यात विळा घेऊन वर जायची, रिकामी परत यायची आणि पाय धुताना म्हणायची, “अजून फुटली नाय गो.”