ॲक्सिलरेटरची दोरी गौरीच्या हातात

मंडळी, आज भर शर्यतीत ॲक्सिलरेटरची वायर तुटली आणि त्या क्षणी माझं सगळंच बदललं.

समुद्रकाठच्या वाळूत जीपची शर्यत होती. शेजारी रस्ता सांगायला गौरी. मी कॉलेज अर्धवट सोडलं, माझ्या तापट डोक्याला कंटाळून मित्र पांगले, ही तेवढी टिकली. पण इथे जपानमध्ये, कावासाकी शहरातून निघतानाच तिने बजावलं होतं, "आज ओरडलास, तर परत तुझ्या गाडीत बसणार नाही."

वायर तुटल्यावर मी तिच्या जागी सामानाची दोरी इंजिनाला बांधून खिडकीतून आत घेतली. मी सांगायचं, तिने ओढायची.

माझा आवाज चढला की ती दचकून हिसका द्यायची आणि चाकं वाळूत रुतायची. मग हळू बोलू लागलो. "ओढ… अजून थोडी… आता सोड, राणी."

निसटलंच तोंडातून. तिने दोरी अलगद सोडली.

आम्ही शेवटचे पोचलो. शेवटच्या रेषेवरचे झेंडेवाले आजोबा तरीही आदराने कमरेत वाकले.

"येतं की हळू बोलता," गौरी म्हणाली. "पुढच्या शर्यतीआधी वायर बदल."

"पुढच्या?"

"बदल म्हटलं ना."

तुम्हाला कुणी असं हळू बोलायला लावलंय का?

मी उतरलो. एरवी आपटतो ते दार आज हळूच लावलं.