काकूंच्या हातची सुई

मस्तगडच्या दवाखान्यात शुगर तपासायला लोकांची बोटं टोचणं हे माझं काम. रक्त थेंबभर निघतं, किस्से मात्र थांबत नाहीत. हसनाबादच्या रावसाहेबकाकांचे आणि काकूंचेच इतके साठलेत, की बाकीच्यांचे सांगायला सवडच मिळत नाही.

तपासणीच्या आधी दोन दिवस काका मेथी-भाकरीवर राहायचे. रिपोर्ट झकास! मग एकदा डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्ट करायला लावली आणि काका उघडे पडले. त्यांनी वळून काकूंकडे पाहिलं.

"तू सांगितलं का?"

"मी कशाला सांगू? तुमच्याच रक्तानं सांगितलं."

*

गोड चहा बंद म्हटल्यावर काका म्हणाले, "घरचा कवाच बंद केला. पण लोकायच्या घरी न्हाई म्हणणं बराबर दिसत न्हाई." आणि काका दिवसाकाठी पाच घरी बसणारे! काकू गल्लीत घरोघर सांगून आल्या. पुढच्या खेपेला काका कुरकुरत होते, "जिथं जावं तिथं फिक्का. आता ते लोकबी माझ्यासंगं फिक्काच पिऊन राह्यले."

*

काकांचे पाय बधिर झालेत. शेतात अंगठ्यात काटा रुतला, तर दोन दिवस तसेच हिंडले. तेव्हापासून रोज आंघोळीनंतर काकू चष्मा लावून त्यांचे तळवे बघतात. शेजारीण म्हणाली, "रोज पाया पडता का काय?"

काका म्हणाले, "पाया न्हाई पडत, काटे हुडकून राह्यली."

*

काट्याची ती जखम काही भरेना. डॉक्टर म्हणाले, "इन्सुलिन सुरू करा, नाहीतर अंगठा जाईल." काकांचा हात थरथरतो, म्हणजे टोचायचं काकूंनी. मी त्यांना मोसंबीवर शिकवलं. दोन दिवसांनी आल्या त्या डोळे पुसतच.

"सिस्टर, टोपलीभर मोसंब्या टोचल्या. ह्यांच्या पोटाला हात लावला की हातच गळतो."

मी म्हटलं, "काकू, अंगठा वाचवायचाय ना?"

महिन्याभराने दोघं आले. जखम भरत आली होती. कसं जमलं विचारलं, तर काकू म्हणाल्या, "आधी रिकामी सुई मलाच टोचली. जरा दुखलं. मंग नवी घेऊन ह्यांना टोचली, तर म्हणले, कळलंबी न्हाई. मंग माझी भीती गेली."

काकू सुया आणायला मेडिकलवर गेल्या. काका माझ्याकडे सरकले आणि हळूच म्हणाले, "लई टोचती तिची सुई. तिला सांगू नका."