मारुतीनं थांबवलेली गोळी

मारुती गेल्याचा फोन त्याच्या बायकोनं, वहिनींनी केला, तेव्हा मी वर्तमानपत्राची घडी घालत होतो. "संपलं सगळं," एवढंच त्या म्हणाल्या आणि मी "बरं" म्हणून फोन ठेवला. सहा आठवडे झाले, त्या शब्दाची लाज जात नाही...

आमची ओळख नामांतराच्या दिवसांतली. मी विद्यापीठात शिकत होतो. औरंगपुऱ्यात खोली शोधत हिंडायचो, पण आडनाव सांगितलं की खोली नुकतीच दुसऱ्याला दिलेली असायची. मारुती पिशोरकडच्या मेंढपाळ घरातला, चितेगावच्या एका कारखान्यात नवाच लागलेला. तो मला आपल्या खोलीवर घेऊन गेला आणि घरमालकाला म्हणाला, हा माझा मावसभाऊ. खेड्यांतून घरं जाळल्याच्या बातम्या येत होत्या. घरमालक खोदून खोदून विचारायचा आणि मारुती त्याला आमच्या नसलेल्या मावशीच्या गुडघेदुखीचं सांगत बसायचा. दोन वर्षं त्यानं हे निभावलं. वाचून वाचून तुझी मान मेंढरागत खाली गेली, असं मला चिडवायचा तेवढंच.

निवृत्तीनंतर त्याला रक्ताचा कर्करोग निघाला. पण ना सलाइन लागलं, ना केस गेले. रोज जेवणानंतर ग्लासभर पाण्याबरोबर एक गोळी. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं : पेशी बेसुमार वाढवणारं एक बटण असतं, ही गोळी नेमकं तेवढंच दाबून धरते, बरं वाटलं तरी बोट काढायचं नाही. काही महिन्यांत रक्ताचा अहवाल चांगला आला. मारुती पुन्हा सायकलवर दिसू लागला.

मग एका दुपारी त्यानं सांगितलं, गोळी बंद करून महिना झाला. मळमळायचं, पायात गोळे यायचे. मी बटणाची आठवण दिली, तर हसला.

"मेंढी आजारी पडली की पाजायचं, चरायला लागली की थांबायचं. माझा बाप अडाणी व्हता, पण कळप राखला त्यानं."

वहिनींना सांगतो, असं मी म्हणालो.

"तुझ्यापायी मी दोन वर्सं तोंड उघडलं नाय. आता तू उघडू नको."

मी उघडलं नाही. हळूहळू त्याची समजूत काढू, म्हणत तीन महिने गेले... मग ताप आला. औषध चुकलं का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा आम्ही दोघंही फरशीकडे बघत होतो. जुनी गोळी पुन्हा दिली, मग दुसरी नवी. आजार दोन्हींना दाद देईना. त्याच्या गप्प बसण्यानं माझं शिक्षण झालं होतं. माझ्या गप्प बसण्यानं काय झालं, ते रोज मनात येतं आणि मी थकून जातो.

तेराव्यानंतर त्याच्या घरी गेलो. वहिनींनी खुंटीवरच्या त्याच्या कोटाच्या खिशातून त्या चार महिन्यांतल्या गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या. एकही फोडलेली नव्हती.

"भाऊजी, तुम्हाला ठावं व्हतं?"

"व्हय," मी म्हणालो.

त्यांनी पट्ट्या खिशात परत ठेवल्या आणि कोट नीट केला. तो अजून तिथंच आहे. दर रविवारी मी जातो. वहिनी दार उघडतात, चहा देतात. भाऊजी म्हणत नाहीत.