तीन हाका

उन्हाळा लागला की पहाटे मी आणि आई अहेरीजवळच्या जंगलात मोहफुलं वेचायला जायचो. झाडं लांब लांब, म्हणून आई मधून मधून हाक मारायची आणि मी ओ द्यायची. तीन हाकांना ओ आली नाही, तर ती टोपली टाकून येणार हे ठरलेलं.

एकदा मी ओ दिली नाही. पलीकडच्या झाडाखाली अस्वल फुलं खात होतं. तिसरी हाक ऐकली आणि मला कळलं, आता आई थेट अस्वलाच्या अंगावर येणार. ती आलीच, काठी आपटत, ओरडत. अस्वल बुजून पळालं. आईनं पाठीत धपाटा घातला. "काऊन बोलली नाई वो? मले वाटलं, मेली तू!"

पुढे मी क्लाउड कम्प्युटिंगच्या संशोधनात आले. माझा प्रोग्राम दूरच्या यंत्रांना हाका मारायचा. तीनदा उत्तर नाही आलं, की यंत्र मेलं समजून त्याचं काम दुसऱ्याला द्यायचा. पहिल्याच चाचणीत असं एक 'मेलेलं' यंत्र कामात गुंतलेलं निघालं. त्यानं आणि बदली यंत्रानं एकाच फाइलवर लिहून सगळा विचका केला. हा नियम मीच घातला होता, मूर्खासारखा!

आई अजून अहेरीत एकटी राहते. कधी फोन उचलत नाही. परसात असेल, शेजारी गेली असेल, मला कळतं. तरी तिसऱ्यांदा रिंग वाजून थांबली की मी अहेरीकडच्या गाड्या बघू लागते. जंगलात ती माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होती. आता मला इथून अहेरी गाठायला दीड दिवस लागतो.