मोडलेल्या हाडाचा कागद

तीन आठवडे झाले. कारखान्यात पहिल्या पाळीला होतो, तेव्हा सुलूकाकींच्या सुनेचा फोन आला. "दादा, आई गेली आमची..." सातवीत शाळा सोडून चंदगडहून आलो, तेव्हापासून डिचोलीजवळच्या मुळगावात त्यांच्या मागच्या खोलीत राहतो. पहिल्या दिवशी त्यांनी आधी पेज वाढली, मग नाव विचारलं. खुब्याचं हाड मोडून त्या दीड महिना खाटेवर होत्या, मग छातीत कफ झाला. लोक म्हणाले, वय झालं होतं. या वाक्याचा मला राग येतो. वय झालं म्हणूनच तर त्या हाडांची तपासणी मागत होत्या!

सुरुवात मनगटापासून झाली. न्हाणीत घसरून हात मोडला. मी त्यांना मोटरसायकलवर बसवलं आणि थेट हाडवैद्याकडे नेलं. आमच्याकडे तसंच करतात, इथेही. पाल्याचा लेप, बांबूच्या कामट्या. हात जुळला, थोडा वाकडा. पण एक्स-रे नाही, केसपेपर नाही.

पुढे गावात शिबिर झालं. यंत्रात टाच ठेवून बघितलं आणि म्हणाले, हाडं पोकळ होतायत, मोठ्या इस्पितळात नीट तपासून घ्या. दोन बसा बदलून गेलो. खिडकीवरचा माणूस म्हणाला, रांग मोठी आहे, आधी हाड मोडलेल्यांना घेतो. मोडलं असेल तर कागद दाखवा. काकींनी मनगट पुढे केलं. त्याने मान हलवली आणि सात महिन्यांनंतरची तारीख दिली.

परतताना बसमध्ये काकी मोठ्याने म्हणाल्या, "पुता, हाड मोडल्याबगर तपासणी ना, आनी मोडलां तें कागदार ना! आतां कितें, सरकाराच्या मुखार वचून पडूं?" सरकारपुढे जाऊन पडायच्या कल्पनेने सगळी बस हसली. मला हसू येईना. वैद्याकडे नेणारा मीच होतो...

त्यानंतर दर ग्रामसभेला त्या उठायच्या. महिन्यातून एकदा तरी यंत्र डिचोलीला आणा, औषधही तिथेच द्या. अर्ज मी लिहायचो, ऱ्हस्व-दीर्घाला घाबरत. एकदा एका पंचाला हाडांऐवजी रस्त्यावर बोलणं हवं होतं. तो म्हणाला, "काकी, रस्त्याचें उलय. हाडां आमकांय आसात." काकी म्हणाल्या, "आसात मरे? मागीर कणो ताठ करून उलय!" सभा हसली, टाळ्याही पडल्या. अर्ज 'पुढे पाठवतो' म्हणून घेतला, तो कुठे गेला कोण जाणे. आणि तारखेला अकरा दिवस उरले असताना त्या अंगणात पडल्या. मग एक्स-रे निघाला. कागद मिळाला.

त्यांच्या रांधपघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. पोरांच्या नव्हेत. शेजारच्या बायकांना तिथे पाठ टेकून उभं करायच्या, वर्षाने पुन्हा. रेघ खाली आली की हाडं पोकळ होऊन उंची घटतेय असं समजायच्या आणि म्हणायच्या, "डॉक्टराक दाखय गो." सगळ्यात जास्त घसरलेली रेघ त्यांचीच.

परवा घरी फोन केला. आईला म्हटलं, चौकटीला टेकून उभी ऱ्हा, ताईला रेघ मारायला सांग. आई हसली. "मी काय बारकी पोर हाय व्हय रं?" मग म्हणाली, "फळीवरचा डबा मातर आता हाताला लागत न्हाई बघ..."